चौथा कोपरा

१

कुरकुंभला कामगारांच्या खोल्यांमागं तारेवर एक गोधडी उन्हाला घातली होती. मुंग्यांची बारीक रांग भिंतीवरून तारेवर आणि तारेवरून गोधडीच्या एकाच कोपऱ्यात शिरत होती.

चांगुणाबाई चालता चालता थांबल्या. फडक्यात बांधलेल्या भाकरी त्यांनी ओट्यावर ठेवल्या. लेक नागसेन इथल्या कंपनीत पाळीनं कामाला होता. महिन्यातून एकदा त्या शिरूरहून एसटीनं यायच्या, त्याला डोळे भरून बघायच्या आणि उलट्या पावली परतायच्या. आज मात्र त्यांची नजर लेकावर ठरेना.

गोधडीच्या मधोमध जांभळ्या लुगड्याचा चौकोन होता. ते लुगडं त्यांच्या सासूबाईंचं. त्या गेल्यावर एवढं एकच लुगडं घरात उरलं होतं. चौकोनाभोवती हिरवी पट्टी होती, ती शेजारच्या हमीदाच्या ओढणीची. त्या पट्टीवरचे बारीक, तांदळाच्या दाण्यासारखे टाके खुद्द चांगुणाबाईंचे होते. आईला लेकराची पावलं ओळखू यावीत तसे त्यांना ते ओळखू आले.

ही गोधडी आत्ता लातूरकडं असायला हवी होती. भूकंपात घर गेलेल्या कुठल्यातरी लेकराच्या अंगावर.

"आये, अशी काय उभी ऱ्हायलीस?" नागसेन म्हणाला.

"ही कुणाची रं?"

"रामबिरिजची. बिहारचा हाय, आमच्याच प्लँटला हेल्पर. ठेकेदारानं खाटंसंगं दिली. भाडं घेतो म्हैन्याला."

रामबिरिज दाढी करता करता अर्ध्या फेसानिशी बाहेर आला. "गरम तो बहुत है, माई. लेकिन चींटी लगती है. और एक ही कोने में. सबकी में. आठों खाट में वही कोना."

"आठों?" चांगुणाबाईंचा आवाज खाली गेला.

त्यांनी मुंग्या झटकून तो कोपरा हातात घेतला. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर कापडाची तीन फुलं हातानं शिवलेली होती. या चौथ्यावरही फूल होतं, पण जाड पांढऱ्या दोऱ्यानं, मशीनवर शिवलेलं. अंगठ्याखाली आत बारीक खडे लागले. त्यांनी कोपरा नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

अंगावरची शाल काढून त्यांनी रामबिरिजच्या खांद्यावर टाकली आणि गोधडीची घडी घातली.

"आपका है क्या, माई?"

"माजंबी न्हाई, बाबा. दुसऱ्याचं हाय."

२

त्या साली गणपती बोळवले त्याच रात्री लातूरकडची भुई हलली. शिरूरमध्ये पहाटे भांडी वाजली म्हणून लोक उठले, आणि दिवस वर आल्यावर रेडिओनं सांगितलं की तिकडं गावंच्या गावं झोपेत गाडली गेली.

आठव्या दिवशी विहारापुढच्या ओट्यावर चांगुणाबाई सुई घेऊन बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी हमीदा आली, संध्याकाळी कुंभारआळीतल्या दोघी, दुसऱ्या दिवशी मळ्यातली नकुशी. हां हां म्हणता सतरा जणी झाल्या. कुणी लेकीचं परकर-पोलकं आणलं, कुणी नवऱ्याचं धोतर. नकुशीनं स्वतःच्या लग्नातला शालू आणला. फाडताना एवढंच म्हणाली, "पेटीत ठेवून तरी काय, उंदरंच पांघरत्यात."

चांगुणाबाई शिवता शिवता गुणगुणायच्या:

*सात घरची लुगडी, एका गोधडीत आली,*
*टाक्याला टाका भेटला, वळख कुणी न पुशिली.*

दिवाळीपर्यंत एकावन्न गोधड्या झाल्या. आणि एकावन्न गोधड्यांचा चौथा कोपरा बायकांनी मुद्दाम उघडा ठेवला.

ही या बायकांची रीत. गोधडी उपाशी ठेवायची नाही. शेवटचा कोपरा शिवताना आत पोळीचा घास घालायचा आणि वर फूल लावायचं. घरची गोधडी असेल तर घास घरधनिणीनं घालायचा. पण दुसऱ्याला द्यायची असेल तर चौथा कोपरा तसाच ठेवायचा. फूल नुसतं सुईनं टाचायचं आणि सुईत दोरा ओवून द्यायचा. ज्या घरी गोधडी जाईल तिथल्या बाईनं आपल्या चुलीवरचा घास आत घालून तो कोपरा शिवायचा. मग ती गोधडी दिलेली राहत नाही, तिची होते.

"घेणारीला मिंधं वाटू ने," चांगुणाबाई म्हणायच्या. "शेवटचा टाका तिचा आसला म्हंजी काम तिनंबी केलं."

गाठोडी हमीदाच्या लेकानं, शाकीरनं, आपल्या टेंपोतून भाडं न घेता नेली. आईच्या पाटल्या मोडून नुकताच घेतलेला टेंपो. समोर हार, मागं चिंध्यांचं गोंड्याचं तोरण.

मग मार्गशीर्षात पत्र आलं. मदत समितीचे चिटणीस हौसराव दिवाणजींनी ते ओट्यावर उभं राहून वाचलं. वडाची वाडी नावाच्या गावातल्या महिला मंडळाचं पत्र. ऐकताना बायकांचे पदर डोळ्यांना गेले. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की लेकरांवर छप्पर नाही, पत्र्यासाठी काही जमलं तर बघावं. त्याच दुपारी सतरा घरांतून, मग आळीतून, मग अख्ख्या बाजारातून पैसे आले. दुसरा हप्ता येत्या रविवारी द्यायचा ठरला होता.

आणि आज बुधवारी त्यातली एक गोधडी चांगुणाबाईंच्या काखेत होती, शिरूरच्या एसटीत.

३

समितीचे अध्यक्ष आनंदराव शेठ म्हणजे पेंड-भुशाचे व्यापारी. शिरूरला दुकान, दौंडला स्टेशनजवळ गोदाम. बोलायला लागले की दुकानातली कबुतरं उडायची.

"चोरी! आमच्या समितीच्या मालाची चोरी!" त्यांनी गोधडी बघताच गादीवर मूठ आपटली. "दिवाणजी, बोलवा त्या पोराला!"

शेठच्या दुकानाचे हिशेब लिहिणारे हौसराव दिवाणजी शेजारीच बसले होते. साठीकडं झुकलेले, अंगात स्वच्छ बंडी, खोकल्याची जुनी खोड. चांगुणाबाईंना अक्षर त्यांनीच शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात, बोट धरून. 'च'चं पोट आणि 'ग'ची काठी. त्यांनी नेहमीच्या सवयीनं पितळी डबी उघडली, सगळ्यांच्या तळहातावर चिमूटचिमूट ठेवली आणि एक चिमूट स्वतःच्या गालात धरली.

"शांत व्हा शेठ. आधी तोंड गोड करा. चांगुणाबाई, तुम्हीही घ्या, प्रवासानं घसा सुकला असेल." मग हळू आवाजात म्हणाले, "कुणावर आळ घेऊ नये. पण पत्रात किती गोधड्या मिळाल्या हे लिहिलेलं नाही. थोड्या पोचल्या असतील, थोड्या वाटेत... गाडीत तर शाकीर एकटाच होता."

इतक्या हळुवारपणे बोललं गेलेलं वाक्य, पण शाकीर आत आला तेव्हा दुकानातल्या सगळ्यांच्या नजरेत ते होतं.

"मी गाठोडी छावणीत उतरवून आलो, शेठ. आईची आन."

"पोच कुठंय?"

"तिथं डोंगराएवढा ढीग होता. पोच कोण देतंय?"

"मग टेंपोची चावी ठेव हितं," आनंदराव गरजले. "रविवारी सगळ्या गावासमोर बोल. न्हाई पटलं तर पोलीस हाय आन् टेंपो इकून बायकांची भरपाई हाय!"

चावी गल्ल्याजवळच्या खिळ्याला लागली. चांगुणाबाईंच्या जिभेवर खडीसाखर विरघळत होती. तिचा शेवटचा कण विरेपर्यंत त्या दिवाणजींच्या डबीकडं बघत राहिल्या.

४

हमीदाच्या दारात दुसऱ्या दिवशी कुणी पाणी भरायला थांबलं नाही. नळावरच्या बायकांनी तिची कळशी बाजूला सारली नाही, पण तिच्यासाठी जागाही केली नाही.

"चाय पिओगी?" हमीदानं विचारलं. "का तुमीबी न्हाई पिणार?"

"दोन कप आण. एक माजा, एक मला परत लागला तर."

हमीदा हसली आणि हसता हसता रडली. शाकीर कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"रं शाकीर, तोंड वर कर. वाटंत काय काय झालं ते सांग. हागल्या-मुतल्यासकट."

"मावशी!"

"सांग म्हनते ना."

"दुपारी निघालो. दौंडला पोचेस्तोवर सांज झाली. शेठ म्हणले, वाटंत लुटमार चालू हाय, आज मुक्काम कर, टेंपो गोदामात लाव. मी बाहीर पडवीत झोपलो. म्होरल्या दरवाजाला कुलूप. सकाळी हमालांनी उघडलं तवा गाठोडी पोत्यांत घालून त्वांडं शिवलेली. मला वाटलं, बरं केलं, धूळ लागणार न्हाई. तसाच गेलो, उतरवलं, आलो."

"हमालांनी शिवली पोती?"

"न्हाई. तेबी म्हणले, आमी आलो तवा शिवलेलीच हाईत."

"कुलपाच्या चाव्या कुणापाशी?"

"एक शेठपाशी. एक दिवाणजींपाशी. दोघंबी त्या दिवशी दौंडलाच हुते." तो थांबला. "मावशी, माझ्यावर विश्वास हाय का?"

चांगुणाबाईंनी बशीतला चहा संपवला. "विश्वास ठेवून काय करू? तो नळावर चालत न्हाई. मला दोरा सापडला पायजे." मग त्यांनी गोधडी मांडीवर ओढली. "हमीदा, बाळंतपणात तुज्या ह्या लेकाला पयली गोधडी कुणी दिली?"

"तुमीच की. चौथा कोना मी शिवला. शिरखुर्म्यातली खारीक घातली होती आत."

"आन् ह्यो ते बघत मोठा झाला. ह्याला ठावं हाय, उघडा कोपरा कुणासाठी असतो."

शाकीरनं मान हलवली. "घेणारीसाठी."

चांगुणाबाईंनी मशीनच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "मंग ज्यानं हे शिवलं, त्याला ते ठावं नव्हतं."

५

ठेकेदार चांगदेव दौंडच्या एका हॉटेलात मिसळ खात सापडला. गळ्यात सोन्याची साखळी, खिशाला तीन पेनं. चांगुणाबाई समोरच्या बाकड्यावर बसल्या आणि नागसेन मागं उभा राहिला.

"गोधड्या कुठनं आणल्यास रं, बाबा?"

"जुन्या बाजारातनं."

"कुठल्या?"

"हाय एक."

"बरं. मग पोलिसांस्नी तसंच सांग. म्या आपली घरी जाते."

चांगदेवचा पाव तर्रीतच राहिला. "आवो मावशे, बसा की. पोलीस कशाला मधी?" त्यानं इकडंतिकडं बघितलं. "आनंदराव दाजींच्या गोदामातनं आल्या. आता झालं?"

नागसेननं आईकडं बघितलं. शेठ!

"दाजी?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"माझ्या थोरल्या भनीचा नवरा. पर दोन वर्सं बोलणं न्हाई. भनीच्या हिश्शावरनं वाजलं आमचं. मला तर नवलच वाटलं. हमालांनी माल आणून टाकला, संगं चिठ्ठी: पन्नास नग हाईत, एक जास्तीचा, पैशे पाकिटात घालून गोदामात पोच करा. म्हणलं दाजी नरम पडला. गप पैशे पाठवले."

"चिठ्ठीवर सही?"

"नुसता गोदामाचा शिक्का."

"मंग फोन करून इचारलं न्हाईस?"

"म्या? पयला फोन म्या करू?" चांगदेव छाती काढून म्हणाला. "मरंन, पर न्हाई करायचा."

चांगुणाबाई उठल्या. बाहेर आल्यावर नागसेन म्हणाला, "आये, शेठच हाय तर! केवढा आव आणला हुता त्यानं."

"भांडणाऱ्या मेव्हण्याला शेठ माल इकंल? त्याला भुसाबी द्यायचा न्हाई." पदर खोचून त्या एसटी स्टँडाकडं चालू लागल्या. "ज्यानं इकला त्याला पक्कं ठावं हुतं, ही दोघं एकमेकांशी कवाच बोलायची न्हाईत. घरातली भांडणं घरातल्याला म्हाईत असत्यात. न्हाईतर घराच्या उंबऱ्याशी बसणाऱ्याला."

६

शनिवारी दुपारी चांगुणाबाई दुकानात गेल्या आणि आनंदरावांकडून ते पत्र मागून घेतलं. उद्या गावासमोर आपण वाचू म्हणाल्या, सरावाला हवं. शेठ खूश झाले. दिवाणजींच्या चेहऱ्यावर शिक्षकाचा खरा आनंद उमटला.

"जोडाक्षराला अडखळू नका. जीभ आधी तयार करायची, मग अक्षर उचलायचं."

"तुमीच शिकिवलंय," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात काहीतरी खोल दुखलं.

ओट्यावर बसून त्यांनी पत्र वाचलं. बोट एकेका अक्षरावरून सरकत होतं, गोधडीवरून सरकतं तसं. ऐकताना जे आसवांत वाहून गेलं होतं ते आता कागदावर थांबून राहिलं. गोधड्या मिळाल्या. लेकरं उबेत झोपली. आणि मग ती ओळ:

'चारही कोपऱ्यांवर तुम्ही इतक्या मायेने फुले लावलीत, की माहेरची आठवण झाली.'

बोट तिथं थांबलं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. पुढं पान संपेपर्यंत वाचलं. एकावन्न सुया पाठवल्या होत्या, त्यातल्या एकाही सुईचं नाव पत्रात नव्हतं.

"हमीदा," त्यांनी हाक मारली, "उद्या शाकीरला न्हाऊ घाल. चांगला सदरा घालून आण. आन् मान खाली घालून आला तर म्या त्याला ओट्यावर चढू द्यायची न्हाई."

७

रविवारी विहारापुढं माणूस मावत नव्हतं. आनंदराव खुर्चीत, शेजारी दिवाणजी, समोर पत्र्यांसाठी आणलेल्या पैशांचा डबा. शाकीर हमीदाच्या पाठीशी उभा होता, मान ताठ, ओठ पांढरे.

चांगुणाबाईंनी पत्र वाचलं. सावकाश, न अडखळता. बायकांचे पदर पुन्हा डोळ्यांना गेले. त्या ओळीवर येताच त्या थांबल्या.

"नकुशे, किती फुलं लावलीस गं तू?"

"तीन," नकुशी म्हणाली. "चौथं सुईनं टाचलं."

"तू? तू? तू?" सतरा तोंडांतून तीनच आकडा आला. कुजबुज वाढत गेली.

"आपण लावली तीन. पत्रवाली म्हणती, तुमी लावली चार. मंग तिनं कंच्या गोधड्या बघितल्या? चार फुलांच्या गोधड्या ह्या भुईवर एकाच ठिकाणी हुत्या." त्यांनी कुरकुंभची गोधडी उलगडली, चौथा कोपरा वर धरला. "ज्यानं हे फूल मशीननं शिवलं, त्याच्याच हाती. ज्यानं चोरल्या त्यानंच आभार मानलं. आन् आभार ऐकून आपण पुन्ना पैशे दिलं."

चांगुणाबाईंनी पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. सर्रर्र. अख्खी शिलाई एका दमात उसवून हातात आली.

आनंदराव खुर्चीतून उठलेच. "अरं, ही तर पोत्याची शिलाई! एक टोक वढलं की समदी सुटती. हा दोरा माझ्या गोदामातला हाय!"

"शेठच!" मागून कुणीतरी ओरडलं. गर्दी पुढं सरकली.

"थांबा!" चांगुणाबाईंचा आवाज कधी नव्हे तो चढला. "चोर असता तर सवताच्या गोदामाचं नाव सवताच्या तोंडानं घेतलं असतं का? शेठ, एक सांगा. गोधडी शिवताना शेवटच्या कोपऱ्यात काय घालत्यात?"

आनंदराव बुचकळ्यात पडले. "काय... कापूस?"

त्या तशा प्रसंगातही बायका हसल्या. "आमच्या घरी गाद्या हुत्या, मला काय म्हाईत!" शेठ कानकोंडे झाले.

"म्हंजी शेठनं शिवलं असतं तर कोपरा रिकामा असता. शाकीरनं तर शिवलाच नसता. उघडा कोपरा घेणारीचा, हे त्यो आईच्या मांडीवर शिकलाय. ज्यानं शिवलं त्याला देण्याची रीत ठावी नव्हती. त्याला वाटलं, बायकांचं काम घाईत ऱ्हायलं. पर घासाची रीत ठावी हुती. त्याच्या आईनं घरासाठी गोधड्या शिवलेल्या हुत्या."

त्यांनी उसवलेला कोपरा पदरावर झटकला. खडीसाखरेचे चार खडे पडले, आणि त्यांच्याबरोबर वेलदोड्याचे काळे दाणे.

"हिला मुंग्या लागत हुत्या. आठ खाटांवर, आठ गोधड्यांच्या त्याच कोपऱ्याला."

मग त्या दिवाणजींकडं वळल्या. आवाजात राग नव्हता. "गुरुजी, घसा सुकला. जरा तुमची डबी द्या."

वर्षानुवर्षांच्या सवयीनं दिवाणजींचा हात बंडीच्या खिशात गेला. डबी बाहेर आली, झाकण उघडलं. खडीसाखर. वेलदोडा. त्यांनी डबीत बघितलं, मग पदरावर बघितलं, आणि हात तसाच हवेत राहिला.

"सागाच्या झाडांची एक कंपनी होती," ते म्हणाले. "दोन महिन्यांत दुप्पट म्हणाले. भूकंपानंतर समितीकडं जमलेले पहिले पैसे त्यात घातले. दुप्पट होऊन आले की दुप्पट पाठवू, कुणाला कळणार नाही. दिवाळीत कंपनीला कुलूप. मग गोधड्या. मग पत्र. एक भोक बुजवायला दुसरं." त्यांना खोकला आला, पण त्यांनी डबीला हात लावला नाही. "पोत्यांत मी बारदान भरलं. या पोराच्या गाडीत मीच चढवलं."

"आन् घास?" हमीदानं विचारलं. त्या सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली.

"पहिला कोपरा शिवायला घेतला आणि मशीन थांबलं नाही, हात थांबला. आई म्हणायची, उपाशी गोधडी दाराबाहेर जाऊ नये. माझ्याजवळ दुसरं काय होतं?"

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. याच माणसानं त्यांना नाव लिहायला शिकवलं होतं.

"एकावन्न घास घातलंत, गुरुजी. एकावन्न येळा आईनं हाक मारली. एकदा तरी ओ द्यायची हुती."

हौसरावांनी डबी मिटली आणि ती दोन्ही हातांनी समोरच्या पैशांच्या डब्याशेजारी ठेवली.

आनंदराव खिळ्यावरची चावी घेऊनच आले होते. त्यांनी शाकीरच्या हातात चावी दाबली आणि त्याचा हात सोडलाच नाही. शाकीरच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, शेठ. फकस्त येका टायमाला माझ्या अम्मीच्या घरी चहाला या. नळावरनं चालत या. समद्यांनी बघितलं पायजे."

८

पुढचं काम पोलिसांनी आणि कोर्टानं केलं. कुरकुंभच्या खोल्यांतून एकावन्न गोधड्या परत आल्या. बदल्यात आनंदरावांनी स्वतःच्या खिशातून ब्लँकेटं दिली. रामबिरिजसाठी मात्र सतरा जणींनी चार दिवसांत बावन्नावी गोधडी शिवली. चौथा कोपरा उघडाच ठेवला आणि नागसेननं ती पोचवली. रामबिरिजनं सुईकडं बघितलं, रीत ऐकली आणि ट्रंकेतून गावाकडून आणलेल्या सत्तूची चिमूट काढून आत घातली. टाके वाकडेतिकडे घातले, पण स्वतः घातले.

एकावन्न कोपरे उसवले गेले. जुनी खडीसाखर झाडून टाकली, फुलं पुन्हा टाचली, सुया पुन्हा ओवल्या. आणि माघात शाकीरचा टेंपो पुन्हा लातूरकडं निघाला. या वेळी पुढं चांगुणाबाई आणि हमीदा बसल्या होत्या. वाटेत चांगुणाबाई गुणगुणत होत्या:

*सुई माझी सासुरवाशीण, दोरा तिचा गं भाऊ,*
*कोपऱ्याच्या माहेराला, घास घेऊन दोघं जाऊ.*

पत्र्यांच्या शेडची रांगच्या रांग होती. माणसं अशी बघत होती, जणू मदत बघून बघून थकली आहेत. पहिल्याच शेडच्या दारात एक तरुण बाई बसली होती, मांडीवर वर्षाचं लेकरू. चांगुणाबाईंनी जांभळ्या चौकोनाची गोधडी तिच्यापुढं ठेवली.

"पोच लिहून देऊ का?" बाई यांत्रिकपणे म्हणाली. "सगळे मागतात."

"नको, बाई."

"मग फोटो?"

"तोबी नको. हे बघ, एक काम अर्धं ऱ्हायलंय. ते तुजं हाय."

बाईनं कोपरा बघितला. टाचलेलं फूल बघितलं, सुई बघितली. मग ती उठली, आत गेली आणि चुलीवरच्या भाकरीचा एक तुकडा मोडून घेऊन आली. लेकरू तिनं न विचारता हमीदाच्या मांडीवर दिलं, जणू शेजारणीकडंच देत होती.

घास आत घालून ती शिवू लागली. शेवटचा टाका झाल्यावर तिनं दोरा दातांनी तोडला आणि मान वर केली. पहिल्यांदाच तिनं समोरच्या माणसांकडं नीट बघितलं.

"एवढ्या लांब कुणी आणलं तुम्हाला?"

हमीदानं टेंपोजवळ उभ्या असलेल्या शाकीरकडं बोट केलं. तिच्या मांडीवरचं लेकरू त्या बोटाकडं टक लावून बघत होतं.

"माझ्या लेकानं," ती म्हणाली.